घरजावई होऊ नये म्हणून

माणसाला शेजारी थोडाफार पारखून घेता येतो, साहेब बदली मागून बदलता येतो. साडू मात्र बायकोची बहीण निवडते आणि तो आपल्याला जन्मभर पुरतो. माझ्या साडूचं नाव रूपेश. माझी बायको प्राची थोरली, तिची बहीण समीक्षा धाकटी, म्हणून मी थोरला जावई आणि रूपेश धाकटा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नेरळजवळच्या पोशीरला, आमच्या सासुरवाडीत, ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. जेवायला बसलो की जिताडा माशाचा मधला तुकडा त्याच्या ताटात पडतो आणि शेपटीकडचा माझ्या. यावर सासूबाईंचं म्हणणं, "रूपेशरावांना काटं काढाया जमत नाय. तुमी हुशार मानूस." हुशारीचं हे बक्षीस मी लग्नापासून चघळत आलो आहे. त्याची गाडी मोठी, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मला त्याचा हेवा वाटतो. लोक असं कबूल करत नाहीत, मी करतो, कारण माझ्या स्वभावात सातत्य म्हणावं असं तेवढंच आहे.

तर घर. डोंबिवलीत आम्ही भाड्याने राहत होतो आणि करार संपायला आला की मालक असा चेहरा करायचा, जणू त्याच्या पोटच्या पोराला आम्ही पळवून नेलंय. तरीही वर्षानुवर्षं घर घ्यायचा विषय मी 'बघू' या एका शब्दावर तोलून धरला होता. मग सासूबाई पडवीत घसरून पडल्या. हाड वाचलं, पण पोशीरच्या घरात त्या एकट्या आणि हाकेला कुणी नाही. त्यांचं नाव सोनुबाई, आणि सोनं कसं वाकत नाही ते बघायचं असेल तर त्यांना आमच्याकडे राहायला बोलवावं. लेकीच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या आईची रीत, त्यांच्या आजीची रीत. डोंबिवलीला आल्या तेव्हा स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या आणि ती संपल्याबरोबर परत गेल्या.

"आई येणार नाही, तर आपण जाऊ," प्राची म्हणाली. "तिच्या घरापासून चालत जाता येईल असं घर घेऊ. मला बाकी काही नको."

मी उदार मनाने हो म्हणालो. घर घ्यायचं ठरवलं हे कुणाला सांगू नये असं माझं आता मत झालंय, पण तेव्हा ते नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या अंबूबाई म्हणाल्या, "भिंती काय बघायच्या? संडासाची टाकी कुठे आहे ते बघा. माणूस भिंतीने नाही, टाकीने फसतो." वरच्या मजल्यावरून निरोप आला की दक्षिणेकडे दार असलेल्या घरात त्यांच्या आत्याचा घटस्फोट झाला होता. आमच्या ऑफिसात विकास नावाचे गृहस्थ आहेत. विकास कुठे होणार हे ते नावाला जागून सांगतात. ते म्हणाले, "मोहोपाडा! डोळे मिटून मोहोपाडा. पनवेल जवळ, विमानतळ जवळ, तुमचं बेलापूरचं ऑफिस जवळ. नेरळच्या बाजूला काय आहे? भातशेती." मी विचारलं, तुमचं घर कुठे? ते म्हणाले, "आमचं वडिलांचं आहे, गिरगावात."

बँकेत तर माझी वेगळीच शोभा झाली. साहेबांनी आमच्या दोघांच्या पगाराच्या पावत्या पाहिल्या, माझी बाजूला ठेवली आणि पुढचं सगळं बोलणं प्राचीशी केलं. ती अंबरनाथच्या शाळेत शिक्षिका आहे, अनुदानित शाळा, पक्की नोकरी. माझी खाजगी. "मॅडम, घर तुमच्या एकट्याच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कातही सवलत आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "सर, तुम्ही ती खुर्ची जरा मागे घेता का? दार उघडत नाहीये."

अशा मनःस्थितीत आम्ही पोशीरला घर बघायला गेलो. इमारत नवी, बांधून तयार होती. एजंट सहदेव नावाचा, पांढरा शर्ट, खिशात दोन फोन. भाव कसा पाडायचा याची मी गाडीत उजळणी केली होती: आधी नाक मुरडायचं, मग प्लास्टरवर टिचकी मारायची, मग "बघू" म्हणायचं. नाक मुरडून झालं. टिचकी मारणार, इतक्यात सहदेवने प्राचीला विचारलं, "ताई, तुमी हितल्याच काय? वळखीच्या वाटताव."

"सोनुबाईंची थोरली मी."

"अरं द्येवा! मंग ह्ये जावय!" सहदेवने दोन्ही फोन खिशात टाकून मला नमस्कार केला. "जावयाकडून आमी जास्त घेनार नाय आनि जावयानं बी कमी द्यायचं नाय. काय, बरोबर हाय ना?" मला ते बरोबर वाटेना, पण तोवर प्राचीचे मामा, नागूमामा, कुठूनतरी उगवले होते. त्यांनी "आमचं जावय काय भाव करनारं हायत व्हय!" असं म्हणून माझी टिचकी हवेतच विरघळवली. नंतर चार घरी चहा झाला.

पण घर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. तिसरा मजला. हॉलच्या खिडकीतून माथेरानचा सबंध डोंगर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाताच्या खाचरांपलीकडे सासूबाईंच्या घराचं कौलारू छप्पर. दोरीवर त्यांचं लुगडं वाळत होतं, तेही दिसत होतं. प्राची त्या खिडकीशी उभी राहिली ती हलेचना. आमची प्रिया, सहावीतली, म्हणाली, "आजीला इथून हाक मारता येईल." मी मनात घर घेऊन टाकलं होतं.

आणि दुपारी सासूबाईंकडे जेवायला बसलो, तर रूपेश आणि समीक्षाही आलेले. जिताडा होता. तुकड्यांची वाटणी नेहमीप्रमाणे झाली. रूपेशने मधला तुकडा तोंडात टाकला, आणि भरल्या तोंडाने म्हणाला, "काय साडूभाऊ, म्हणजे आता घरजावई होणार तर!"

सगळे हसले. नागूमामांना तर ठसका लागला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण पदर हलत होता.

आता घरजावई म्हणजे सासऱ्याच्या घरात, सासऱ्याच्या भाकरीवर राहणारा जावई. मी माझ्या, म्हणजे बायकोच्या, पगाराच्या कर्जावर, सासुरवाडीच्या गावात, स्वतंत्र इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहणार होतो. यातला फरक पाचवीतल्या मुलालाही कळेल. पण गावात शब्द एकदा चिकटला की शब्दकोश काढून उपयोग नसतो. माझ्या डोळ्यांपुढे पुढची वीस वर्षं उभी राहिली: दूध आणायला निघालोय, पारावर चारजण बसलेत, आणि एकजण दुसऱ्याला सांगतोय, "त्यो बग, सोनुबायचा घरजावय चालला." शेपटीचा तुकडा घशात अडकला. काटे काढण्यात मी हुशार असूनही.

परतताना मी जाहीर केलं, "मोहोपाडा बघायला हवं."

"का?" प्राचीने विचारलं.

मी कारणं दिली. माझं ऑफिस जवळ. विमानतळ जवळ, जिथून आम्ही कधी कुठे उडालो नव्हतो. सगळी विकासची कारणं मी माझ्या आवाजात म्हटली. प्राचीची शाळा अंबरनाथला आहे आणि मोहोपाड्याहून तिथे पोचायचं तर पहाटेच घर सोडावं लागेल, हे माझ्या यादीत नव्हतं. प्राचीने ते काढलंही नाही. खिडकीबाहेर बघत गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी संमती असा लावला. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या माणसाने असा अर्थ लावावा, यालाच माझ्या मते मत्सराने आंधळं होणं म्हणतात.

मोहोपाड्याला गेलो त्या दिवशी मला सणसणीत सर्दी झाली होती. या सर्दीने माझ्या आयुष्यात केवढी उलथापालथ केली ते पुढे कळलं. इमारत छान, लिफ्ट चालू, बागेत सिमेंटचं हरीण. प्राची आणि प्रिया दोघी रुमाल नाकाला लावून हिंडत होत्या. मला वाटलं, माझी सर्दी लागू नये म्हणून.

"बाबा, इथे वास येतोय," प्रिया म्हणाली.

"कसला वास?" मी म्हणालो.

"कसला वास?" तिथला एजंटही म्हणाला, आणि एका साक्षीदाराने दुसऱ्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. "साहेब, कारखान्यांचा पट्टा आहे, कधीतरी थोडंसं येतं. महिनाभराने जाणवत नाही."

"म्हणजे वास जातो?"

"वास कसा जाईल? नाक सरावतं."

मी हसलो. तो चांगला माणूस वाटला. "आणि माथेरान इथूनही दिसतं," तो गच्चीकडे बोट दाखवून म्हणाला. "तेच माथेरान. फक्त मागच्या बाजूने."

"माझी आई पुढच्या बाजूला राहते," प्राची म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली. मी टोकन भरून टाकलं. सही करताना चोंदलेल्या नाकातसुद्धा मला स्वाभिमानाचा सुवास आला.

आठवड्याने सर्दी गेली. कागदपत्रं आणायला एकटाच मोहोपाड्याला गेलो, रिक्षातून उतरलो आणि पहिला श्वास घेतला. नासकी अंडी, जळकं रबर आणि वर थोडा फिनाईल. मी रिक्षावाल्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "नवीन काय?" तो म्हणाला. मी श्वास धरून एजंटच्या ऑफिसात पोचलो तर तो डबा खात होता, चवीने. सरावलेलं नाक म्हणजे काय ते मला कळलं. टोकन परत देता का, असं मी श्वास सोडायच्या आत विचारून बघितलं. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि मला नियम समजावून सांगितले. ते टोकन परत मिळालं का, हे कृपा करून विचारू नका.

तरीही मी माघार घेतली नसती. माणसाला वास सहन होतो, हसं होत नाही. पण त्याच रविवारी समीक्षाचा फोन आला. "जिजू, तुम्ही पोशीरचं घर सोडलंत ना? मग हे आज बघायला गेलेत. म्हणतात, आईच्या जवळ राहायला काय हरकत आहे?"

'हे' म्हणजे रूपेश.

फोन ठेवला आणि मी खाटेवर बसलो. मग उठलो. मग परत बसलो. माझ्या खिडकीतलं माथेरान! माझ्या स्वयंपाकघरातलं लुगडं! हा माणूस तिथे राहणार, रोज संध्याकाळी सासूबाईंच्या पडवीत जाऊन बसणार, गाव म्हणणार 'जावय असावा तर असा, पोरासारखा', आणि जिताड्याचा मधला तुकडा आता सणावारी नव्हे, रोजच्या रोज! न राहवून मी त्यालाच फोन लावला.

"रूपेशराव, तुम्ही घरजावई होणार म्हणे."

तो मोठ्याने हसला. "साडूभाऊ, ते तुम्ही मनावर घेतलंत? आजकाल कोण मानतं ते! मी चेष्टा केली होती."

चेष्टा! एका चेष्टेपायी मी नासक्या अंड्यांवर टोकन भरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो असं सांगून मी तडक पोशीर गाठलं. भाव तोंडातून निघेल तो द्यायची तयारी होती. टिचकी नाही, नाक मुरडणं नाही, बघू नाही. सहदेव इमारतीखाली खुर्ची टाकून बसला होता.

"तिसरा मजला," मी धापा टाकत म्हणालो. "मी घेतो."

"त्यो ग्येला की, जावय."

"कुणाकडे?"

सहदेवने इकडेतिकडे बघितलं. "बाईमानसाच्या नावावर झालाय. नाव सांगू नका म्हनल्यात."

मला कळायचं ते कळलं. सवलतीसाठी समीक्षाच्या नावावर! चतुर माणूस. मी नागूमामांचा चहा नाकारून परत फिरलो, हे त्या गावात आजवर कुणी केलं नव्हतं. डोंबिवलीला घरात शिरलो तेव्हा प्राची वह्या तपासत होती. मी चपला काढायच्याही आधी सुरुवात केली. तिची बहीण, तिचा मेहुणा, तिचं गाव, तिथलं मासळीचं राजकारण, काही म्हणून सोडलं नाही. "ते घर आपलं होतं," मी ओरडलो. "त्या खिडकीत तू उभी होतीस! मला तेच घर हवं होतं, पहिल्या दिवसापासून हवं होतं!"

प्राचीने लाल पेनाचं टोपण लावलं.

"हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," ती म्हणाली. "समीक्षाने नाही, मीच घेतलंय ते."

"तू? कधी?"

"तुम्ही मोहोपाड्याचं टोकन भरलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही मला विचारलं नव्हतंत. मी तुम्हाला विचारणार होते, पण तुम्ही वाफ घेत होतात."

"आणि रूपेश? तो बघायला गेला होता तो?"

"मीच त्यांना जायला सांगितलं. घर बुक केलं, मग तुम्हाला ते हवंसं वाटायची व्यवस्था केली. मी सांगितलेलं तुम्ही 'बघू'वर ठेवता. रूपेशराव करायला निघाले की लगेच धावता. काय करू? माझी आई तिथे एकटी आहे हो." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज हलला, आणि माझ्याजवळ इतका वेळ तयार असलेलं सगळं भांडण एकदम संपलं. मला लाज वाटली. चपला अजून पायातच होत्या, त्या मी काढल्या.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात वीज गेली, आली, सर्व्हर गेला, आला, आणि मग तो आला तेव्हा कारकून चहाला गेला. शेवटी प्राचीला कॅमेऱ्यासमोर बसवलं. कारकुनाने मला विचारलं, "तुमी कोन?"

"यांचा नवरा. साक्षीदार."

"आनि ह्ये?"

"साडू," रूपेश म्हणाला. "मी पण साक्षीदार."

पहिला साक्षीदार मी, यावर माझा ठाम आग्रह होता. थोरला जावई आहे मी. पण त्या यंत्राला माझा अंगठा दिसेचना. पुसला, घासला, विजारीवर चोळला, कारकुनाने स्वतःच्या हाताने दाबून धरला. यंत्राच्या मते मी अस्तित्वातच नव्हतो. रूपेशने बाजूने सहज अंगठा टेकवला आणि यंत्र आनंदाने किंचाळलं. पहिला साक्षीदार तो झाला. मागच्या बाकावरून नागूमामा म्हणाले, "जाऊं द्या वो. घर कुटं तुमचं हाय!" ऑफिसातले सगळे हसले, आणि या वेळी मामांच्या म्हणण्यात कायद्याने काहीच चूक नव्हती.

वास्तुशांतीला अख्खं पोशीर तिसऱ्या मजल्यावर आलं. लिफ्टमध्ये बसायला रांग लागली. पूजा झाली, पंगती उठल्या, गर्दी ओसरली आणि घरात आम्ही घरचेच उरलो. सासूबाई हॉलमध्ये खुर्चीवर टेकल्या होत्या. सकाळपासून त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं. प्राची त्यांना आग्रह करत नव्हती. आईची रीत तिला ठाऊक होती, आणि एवढ्या जवळ आलोय यावर ती समाधान मानून होती. ऊन खिडकीतून थेट आत आलं होतं. सासूबाईंनी ओठ ओले केले.

"पानी दे गं, प्राची," त्या म्हणाल्या.

प्राची जागच्या जागी थांबली. समीक्षाही. "आई," प्राची हळूच म्हणाली, "तुला चालतं?"

"काय नाय चालाया?" सासूबाई म्हणाल्या. "सासरचं पानी नाय प्यायाचं म्हनून रीत हाय. ह्ये सासर हाय का तुजं? कागुद तुज्या नावाचा, कर्ज तुज्या नावाचं. ह्ये माज्या पोरीचं घर हाय. माज्या आयला, आजीला असं पोरीचं घरच कदी मिलालं नाय, मंग त्यांनी पानी कुटं प्यायाचं?"

प्राचीने पेला भरून आणला. इतका काठोकाठ की थोडं पाणी बशीत सांडलं. सासूबाईंनी पेला वर धरून, डोळे मिटून, सगळा पेला एका दमात रिकामा केला. मी बायकोकडे बघितलं. असा चेहरा मी तिला कधी मिळवून दिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला साडू सोडून दुसऱ्या कुणाचा, सासूबाईंचा, हेवा वाटला.

"ग्वाड हाय पानी," सासूबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "अजून दे. आनि सांच्याला माजं हातरून हिकडंच आना."

प्राची रडत होती, तिला उठता येईना. रूपेश उठला. मी बघितलं की तो उठलाय, आणि मीही उठलो. तो म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही बसा, मी देतो." मी म्हणालो, "थोरला कोण आहे?" स्वयंपाकघराच्या दारात आम्ही दोघे एकदमच घुसलो, खांद्याला खांदा लागला, प्रिया "अहो बाबा!" म्हणून ओरडली, पण तांब्या मात्र आधी मी धरला.